सही बघून भुलू नकोस

तत्त्वज्ञानाची जुनी, लेखकाची सही असलेली पुस्तकं जमवायची आहेत ना तुला? मग पहिल्याच महिन्यात टिळकांच्या ‘गीतारहस्य’ची सही असलेली प्रत शोधायला निघू नकोस. पहिली आवृत्ती १९१५ची, पुण्यातलीच. त्यामुळे जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरून एखादी प्रत अजूनही निघते, पण सही असलेली म्हणून जी दाखवतात तिच्याकडे आधी संशयानेच बघायचं. टिळक १ ऑगस्ट १९२०ला गेले. त्यानंतरची तारीख दिसली तर पुस्तक मुकाट्याने खाली ठेव. १९१६ची तारीख आणि शाई बॉलपेनची, हेही चालायचं नाही.

खिशात दहापट मोठं दाखवणारं भिंग असू दे. मी एकदा घासाघीस करून ‘सही’ घेतली आणि घरी येऊन भिंगाखाली धरली, तर बारीक ठिपके! फोटोखाली छापलेली सही होती ती. बायको अजून त्यावरून चिडवते. खऱ्या टाकाची रेघ वळणावर जाड होते, शाई कागदात मुरते, कधी पानाच्या मागेही उमटते.

नुसत्या सहीपेक्षा ‘अमुक यांस सप्रेम भेट’ जास्त मोलाचं, आणि तो अमुक तत्त्वज्ञानातलाच असेल तर विचारूच नकोस. तत्त्वज्ञ रा. द. रानड्यांचं उपनिषदांवरचं इंग्रजी पुस्तक १९२६चं, तेही पुण्याचंच. सुरुवातीला ते बरं.

ग्रंथालयाचा शिक्का असेल आणि पुस्तक काढून टाकल्याची ‘रद्द’ अशी खूण नसेल, तर घेऊ नकोस. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी तर अजिबात नको. जुन्या बाजारात रविवारी जरा लवकर ये, मी असतोच.