पॉलिसी पिकेल तेव्हा मुलगी 29 वर्षांची असेल

साताऱ्याहून एका वडिलांनी विचारलंय: "मुलगी 15 वर्षांची, नववीत आहे. तिला इंजिनिअरिंगला घालायचंय. दरमहा 10 हजारांची एसआयपी सुरू करतोय. स्मॉल कॅप घेऊ की मिड कॅप? 15 टक्के तरी सुटावेत. बाकी तिच्या नावाची चाइल्ड पॉलिसी आहेच."

दोन्ही नकोत, हे छोट्या-मध्यम कंपन्यांच्या शेअर्सचे फंड आहेत. अ‍ॅडमिशनला जेमतेम 40 महिने आहेत. 4 लाख भराल. आरडीत, म्हणजे बँकेच्या आवर्ती ठेवीत, त्याचे साडेचार होतील, फंडात 12 टक्के मिळालेच तर पाचच्या आत-बाहेर. या 40 हजारांसाठी केवढी जोखीम! 2020 मध्ये जानेवारी ते मार्च निफ्टी 40 टक्क्यांच्या आसपास पडला होता. फीची तारीख बाजार सावरेपर्यंत थांबत नाही. शेअर बाजारातून शिक्षणाचा पैसा उभा करायचा तर सुरुवात बालवाडीत हवी. आठवी-नववीपासून तो हळूहळू बाहेर काढायचा असतो. आता मुकाट्याने आरडी करा.

खरी काळजी वाटली ती सोबत पाठवलेली पॉलिसी बघून. वर्षाला 60 हजार, मुदत 20 वर्षं, हप्ते भरलेत 6. म्हणजे पैसे हातात येतील तेव्हा मुलगी 29 वर्षांची असेल. कॉलेज कधीच संपलेलं. एजंटने सांगितलेले 20 लाख मिळाले तरी परतावा साडेचार टक्क्यांच्या आसपास. आणि विमा कुणाचा? मुलीचा! घरात कमावते तुम्ही एकटे, वय 46, आणि तुमच्यावर कंपनीचा 3 लाखांचा ग्रुप विमा, बस्स. उद्या तुम्हाला काही झालं तर उरलेले हप्तेही माफ नाहीत, त्यासाठीचा रायडर (पॉलिसीला जोडायचं जादा संरक्षण) घेतलेलाच नाही. शिक्षणाच्या नावाखाली असली पॉलिसी गळ्यात मारणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

आधी स्वतःचा 75 लाखांचा टर्म प्लॅन, म्हणजे बचत नसलेला निव्वळ आयुर्विमा, घ्या. प्रकृती ठीक असेल तर या हप्त्याच्या निम्म्याहून कमीत बसेल. अर्जात बीपी-शुगर काहीही लपवू नका. तो हातात आल्यावरच जुन्या पॉलिसीला हात लावा. शाखेकडून दोन आकडे लेखी मागा: आज सरेंडर केली, म्हणजे मोडली, तर किती, पेडअप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून तशीच ठेवली, तर मुदतीअंती किती. भरलेल्या 3 लाख 60 हजारांतले काही बुडतील, बुडू द्या. ते वाचवायला अजून 8 लाख 40 हजार ओतायचे नाहीत.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. तुम्ही ओबीसी, उत्पन्न सव्वासात लाख. महाराष्ट्रात 2024-25 पासून 8 लाखांपर्यंत उत्पन्नाच्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा फी माफ आहे. प्रवेश मात्र कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतूनच, हवा, मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमी लेयर बारावीच्या वर्षीच सेतूतून काढून ठेवा, ऐन प्रवेशाच्या गर्दीत रांगा असतात. हे जमलं तर तुमचे साडेचार लाख हॉस्टेल, मेस आणि लॅपटॉपला लागतील. कमी पडले तर उरलेल्यापुरतं शैक्षणिक कर्ज काढा, पण पीएफला हात लावू नका.