वाचकांचे प्रश्न : जुन्या न्यूयॉर्कची छायाचित्रे

गेल्या अंकात न्यूयॉर्क शहरातील शंभर वर्षांपूर्वीच्या रोजच्या जगण्याची काही छायाचित्रे छापली होती. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांतील प्रश्न येथे घेतले आहेत. जागेअभावी पत्रांचा मजकूर थोडा आवरता घेतला आहे.

प्रश्न : काही वर्षांपूर्वी चोरबाजारातून घेतलेल्या जुन्या कागदांच्या गठ्ठ्यात मला एक छायाचित्र सापडले. मागे पेन्सिलीने ‘न्यूयॉर्क’ एवढेच लिहिले आहे. त्याची प्रत सोबत जोडली आहे. ते कोणत्या साली काढलेले असावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नेमके साल सांगता येणार नाही, पण दहाएक वर्षांच्या टप्प्यात नक्की येता येईल, कारण आपण पाठवलेली प्रत भरपूर बोलकी आहे. सुरुवात वरून करू. रस्त्याच्या कडेने लोखंडी खांबांवर उभारलेली रेल्वे दिसते आणि तिच्यावरून गाडी चालली आहे. या खांबांवरच्या गाड्या 1870च्या दशकापासून छोट्या वाफेच्या इंजिनांनी ओढल्या जात आणि खालून जाणाऱ्यांच्या अंगावर निखारे व तेलाचे थेंब पडत, अशी त्या काळी लोकांची नेहमीची तक्रार असे. 1902 आणि 1903 या दोन वर्षांत मॅनहॅटनमधील हे मार्ग विजेवर आले. आपल्या छायाचित्रातील गाडीला पुढे इंजिन नाही, म्हणजे ते 1902च्या आधीचे असण्याची शक्यता जवळपास मिटली.

आता नजर खाली आणावी. रस्त्यात ट्रामचे दोन रूळ आहेत आणि त्यांच्या मधोमध एक बारीक खाच लांबवर गेलेली दिसते. ही खाच फार मोलाची आहे. मार्च 1888च्या प्रचंड हिमवादळात तारांचे खांब कोसळून शहर ठप्प झाले, त्यानंतर मॅनहॅटनमधील तारा जमिनीखाली घालण्याच्या कामाला जोर आला आणि तेथील विजेच्या ट्रामलाही डोक्यावरून तार नेण्याची मुभा मिळाली नाही. त्यामुळे वीज रस्त्याखालच्या नळीतून यायची आणि ट्रामच्या पोटातून निघालेली पट्टी त्या खाचेतून खाली उतरून ती वीज घ्यायची. नदीपलीकडच्या ब्रुकलिनमध्ये मात्र डोक्यावर तारा होत्या आणि ट्रामचे जाळे इतके दाट होते की तेथील लोकांना ‘ट्रॉली चुकवणारे’ म्हणत. तेथील बेसबॉल संघाचे ‘डॉजर्स’ हे नाव त्यातूनच आले. तेव्हा आपले छायाचित्र मॅनहॅटनचे आहे, याबद्दल मला शंका नाही.

ऋतूही सांगता येतो. पदपथावरील बहुतेक पुरुषांच्या डोक्यावर सपाट माथ्याच्या, गवती विणीच्या हॅट आहेत. ही हॅट मेच्या मध्यापासून 15 सप्टेंबरपर्यंतच घालायची, असा अलिखित पण कडक दंडक होता. मुदत उलटल्यावर ती घालून फिरणाऱ्याच्या डोक्यावरून पोरे हॅट हिसकावून घेत आणि पायाखाली तुडवत. 1922 साली तर टवाळ पोरांनी दोन दिवस आधीच, 13 सप्टेंबरला, हा उद्योग सुरू केला आणि न्यूयॉर्कमध्ये अनेक दिवस रस्त्यांवर मारामाऱ्या झाल्या. सारांश, आपले छायाचित्र उन्हाळ्यातले आहे.

राहिल्या तीन गोष्टी. कोपऱ्यावरील दुकानाच्या पाटीवर ‘लागर’ हा शब्द अर्धा वाचता येतो. बीअरची अशी उघड पाटी म्हणजे जानेवारी 1920 मधील दारूबंदीच्या आधीचा काळ किंवा मग एप्रिल 1933 मध्ये बीअर पुन्हा खुली झाल्यानंतरचा. उजवीकडे झाडू घेतलेला माणूस पांढऱ्या गणवेशात आहे. सफाई कामगारांना हा पांढरा वेश कर्नल जॉर्ज वेअरिंग यांनी 1895 मध्ये सफाई खात्याची सूत्रे घेतल्यावर दिला. आणि शेवटचे म्हणजे, रस्त्यात मी मोजलेल्या चौदा वाहनांपैकी तेरा घोड्यांची आहेत आणि एकच मोटार. 1933 नंतर हे प्रमाण शक्य नाही. हे सगळे एकत्र धरले तर 1903 ते 1912 यांमधील एखादा उन्हाळा, असे मी म्हणेन. पाठीमागची पेन्सिलीची नोंद खोडू नये, आणि चित्र चिकटपट्टीने वहीत चिकटवू नये.

प्रश्न : एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रांत मोठमोठे रस्ते ओस पडलेले का दिसतात? शहरात तेव्हा एवढी कमी माणसे होती का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : माणसे होती, पण ती थांबली नाहीत. सुरुवातीच्या तंत्रात भिंग कित्येक सेकंद, कधी त्याहूनही जास्त उघडे ठेवावे लागे. त्या वेळात चालत गेलेला माणूस काचेवर उमटतच नसे, फार तर धुरकट पट्टा उमटे. उभा राहिलेला माणूस किंवा बांधलेला घोडा मात्र स्पष्ट येई. 1859 मध्ये एडवर्ड अँथनी यांनी ब्रॉडवे या रस्त्यावरची गजबज टिपलेली चित्रे विकायला काढली तेव्हा त्यांना ‘तत्क्षणी’ घेतलेली दृश्ये असे नाव दिले. दोन भिंगांच्या छोट्या कॅमेऱ्यात प्रकाश लवकर पुरा पडत असल्यामुळे चालणारी पावले प्रथमच अशी थिजली. ग्राहक ती घरी दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहत आणि त्यांना रस्त्याची खोली जाणवे.

प्रश्न : जेकब रीस यांनी काढलेली गरीब वस्त्यांची छायाचित्रे खरी आहेत की मुद्दाम बसवलेली? शाळेत मुलांना दाखवायची आहेत, म्हणून विचारते. (एक शिक्षिका, कोल्हापूर)

उत्तर : दोन्ही, आणि हे उत्तर मुलांना द्यायला अवघड वाटले तरी तसेच द्यावे. रीस 1849 मध्ये डेन्मार्कमध्ये जन्मले, 1870 मध्ये अमेरिकेत आले, स्वतः उपाशीपोटी भटकले आणि पुढे मलबेरी स्ट्रीटवरील पोलीस मुख्यालयात वृत्तपत्राचे बातमीदार झाले. अंधाऱ्या खोल्यांविषयी लिहून कोणी ढिम्म हलत नाही, हे त्यांना कळले होते. 1887 मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमच्या भुकटीचा झगझगीत उजेड पाडण्याची युक्ती निघाल्याचे त्यांनी वाचले आणि मित्रांना घेऊन रात्री त्या खोल्यांत शिरायला सुरुवात केली. दचकून उठलेल्या माणसांचे विस्फारलेले डोळे आपल्याला दिसतात, ते नाटकी नाहीत. एकदा तर आंधळ्यांच्या खोलीत उडालेल्या ठिणगीने भिंतीवरच्या कागदाला आग लागली आणि ती त्यांनी स्वतःच कशीबशी विझवली, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे.

पण उघड्यावर एकमेकांना बिलगून झोपलेली अनवाणी मुले हे त्यांचे गाजलेले चित्र दिवसाउजेडी काढलेले आहे. मुलांनी झोपेचे सोंग घेतले आहे. गल्लीत दोन्ही बाजूंना उभी राहून कॅमेऱ्याकडे रोखून पाहणारी माणसे असलेले 1888 चे ‘बँडिट्स रूस्ट’ हे चित्र रीस यांच्या नावावर मोडत असले, तरी त्या रात्रीच्या व दिवसाच्या फेऱ्यांत सोबत असलेल्या हौशी छायाचित्रकारांनी ते काढल्याचे आता मानले जाते. म्हणून या चित्रांचे मोल कमी होते, असे मला वाटत नाही. ज्या वस्तीवर रीस यांनी लेखणीने हल्ला चढवला, ती मलबेरी बेंड पाडली गेली आणि 1897 मध्ये तेथे बाग झाली. मात्र इटालियन, चिनी आणि ज्यू लोकांविषयी रीस यांनी जे लिहिले, त्यात दयेबरोबर तुच्छताही भरपूर आहे. चित्राखालची त्यांची ओळ वाचताना मुलांना तेवढे सांगावे.

तुलनेसाठी लुईस हाइन यांची चित्रे सोबत ठेवावीत. 1908 पासून ते बालमजुरीविरोधी राष्ट्रीय समितीसाठी काम करू लागले. न्यूयॉर्कमधील घराघरांत, स्वयंपाकघराच्या टेबलाभोवती बसून आई आणि चार मुले कागदी फुले वळत आहेत, अशी त्यांची अनेक चित्रे आहेत. कोणी खोटे ठरवू नये म्हणून हाइन मुलाचे वय, मजुरी, घराचा पत्ता लिहून ठेवत, आणि मुलाची उंची तर आपल्या जाकिटाच्या कितव्या बटणापर्यंत येते, यावरून गुपचूप मोजत.

प्रश्न : मुलगा क्वीन्समधील जॅक्सन हाइट्समध्ये राहतो. त्याच्या इमारतीचे 1940 सालचे छायाचित्र मिळू शकेल, असे त्याच्या शेजाऱ्यांनी सांगितले. हे खरे आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : अगदी खरे आहे. 1939 ते 1941 या काळात शहराच्या कर खात्याने, म्हणजे आपल्या भाषेत घरपट्टी आकारणाऱ्या खात्याने, केंद्र सरकारच्या रोजगार योजनेच्या मदतीने पाचही विभागांतील इमारतींची छायाचित्रे काढून घेतली. हेतू फक्त मालमत्तेची किंमत ठरवण्याचा होता. लहान 35 मिलिमीटरच्या फिल्मवर काढलेल्या या सुमारे 7 लाख 20 हजार चित्रांचा साठा महापालिकेच्या अभिलेखागारात आहे आणि 2018 मध्ये तो इंटरनेटवर सर्वांसाठी खुला झाला.

मला विचाराल तर रीस, हाइन यांच्याइतकीच ही चित्रे मला प्रिय आहेत, कारण त्यांत कोणाला काही सिद्ध करायचे नव्हते. चित्रात एका कडेला पाटी दिसते. तिच्यावर ब्लॉक आणि लॉट यांचे आकडे असतात, आपल्याकडच्या सिटी सर्व्हे क्रमांकासारखे. कित्येकदा ती पाटी धरणारा कर्मचारीही कडेला अर्धा येतो. तो कंटाळलेला असतो, मागे न्हाव्याच्या दुकानाचा पट्ट्यापट्ट्यांचा खांब असतो, दुकानाच्या काचेवर खडूने भाव लिहिलेले असतात आणि एखादी बाई वरच्या खिडकीत कोपर टेकून हे काय चालले आहे ते पाहत असते. रंगीत चित्रांची अशीच दुसरी फेरी 1980च्या दशकात झाली, त्यामुळे एकाच इमारतीच्या दोन अवस्था शेजारी ठेवून पाहता येतात.

शोधताना आपल्या मुलाने आधी इमारतीचा ब्लॉक व लॉट क्रमांक काढावा आणि विभाग म्हणून क्वीन्स निवडावा. क्वीन्समधील घरक्रमांकात मध्ये आडवी रेघ असते आणि तिच्या आधीचा आकडा जवळच्या आडव्या रस्त्याचा असतो. त्यामुळे पत्ता टाकून काहीच सापडले नाही, तर रेघ चुकली आहे का, हे आधी पाहावे. जॅक्सन हाइट्समधील बागा मध्ये ठेवून बांधलेल्या बऱ्याच इमारती 1917 मध्ये रूझवेल्ट अव्हेन्यूवरून खांबांवरची रेल्वे सुरू झाल्यानंतरच्या दशकातल्या आहेत, म्हणून त्या चित्रात असण्याची शक्यता चांगली आहे. इमारत 1941 नंतरची असली, तर त्याच क्रमांकावर तिच्या आधी काय उभे होते, ते कदाचित पाहायला मिळेल. पडद्यावर चित्र फुकट पाहता येते. छापील प्रत हवी असल्यास अभिलेखागाराकडे शुल्क भरून ती मागवता येते.