मोठ्या फोनला कोणता स्क्रीन गार्ड? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : ६.७ इंची फोन घेतला. दुकानात शंभर रुपयांचीही टेम्पर्ड ग्लास आहे आणि सातशेचीही. दोन्ही पाकिटांवर '९एच' छापलंय. मग सहाशे रुपये कशाचे? – एक वाचक, नाशिक

९एच बघून ग्लास निवडू नका. तो आकडा पेन्सिलीचा आहे. कमी-जास्त कठीण पेन्सिली ठरावीक दाबाने पृष्ठभागावरून ओढायच्या आणि कोणत्या पेन्सिलीने चरा पडतो ते पाहायचं, अशी ही चाचणी. एरवी ती रंग आणि वार्निशच्या थरांसाठी वापरतात. चित्रकलेच्या तासाला आपण जी एचबी पेन्सिल वापरायचो, तिच्याच घराण्यातली ही ९एच. साधी काचसुद्धा तिला सहसा दाद देत नाही. बरेच जण हा ९ म्हणजे खनिजांच्या मोहस मापनातला ९ समजतात. त्या मापात हिरा १०, माणिक ९, क्वार्ट्‌झ ७ आणि काच साडेपाच-सहाच्या आसपास. म्हणून खिशातल्या नाण्यांना ग्लास पुरून उरते, पण क्वार्ट्‌झ असलेली वाळू तिला ओरखडते. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर वाळूच्या हाताने फोन काढलात की शंभराची काय नि सातशेची काय!

खरा फरक असतो तीन गोष्टींत : काच किती मजबूत केलीय, माप किती नेमकं आहे आणि वरचा लेप कसा आहे. एवढी पातळ काच चांगली मजबूत करायची तर ती सुमारे ४०० अंश सेल्सिअसला वितळवलेल्या पोटॅशियम क्षारात बुडवतात. काचेतले सोडियमचे लहान आयन बाहेर पडतात, त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन घुसतात आणि पृष्ठभाग आतून दाबला जातो. हे दुकानात तपासता येत नाही. लेप मात्र येतो. काउंटरवरच्या नमुन्यावर पाण्याचा थेंब टाका. मोत्यासारखा गोल उभा राहून घरंगळला तर तेलकट डागांना रोखणारा लेप चांगला आहे. पसरट होऊन बसला तर चार दिवसांत स्क्रीनभर बोटांचे ठसे. अर्थात चांगला लेपही काही महिन्यांत झिजतोच. माझं मत विचाराल तर मापात नेमकी बसणारी मधल्या किमतीची ग्लास घ्यावी आणि ओरखडे आले की बदलावी. पाकिटांवरच्या '११डी', 'सुपर डी' वगैरेंना कुठलंही प्रमाणित माप नाही, त्यांचे वेगळे पैसे देऊ नका.

प्रश्न : माझ्या फोनच्या कडा गोलाकार आहेत. दुकानदार 'यूव्ही ग्लास लावा, दुसरी टिकणार नाही' म्हणतो. लावू का? – एक वाचक, कोल्हापूर

दुकानदाराचं निम्मं बरोबर आहे. वळणाऱ्या कडांवर साधी ग्लास नीट चिकटत नाही. कडेला फट राहते, तिथे धूळ शिरते आणि महिन्याभरात पांढरी रेघ दिसू लागते. यूव्ही ग्लासमध्ये स्क्रीनवर पातळ गोंद ओततात, वर काच ठेवतात आणि जांभळ्या दिव्याखाली तो गोंद कडक करतात. बसते झकास. पण तो गोंद कडक होण्याआधी वाट मिळेल तिकडे पळतो : कानाजवळच्या स्पीकरच्या जाळीत, बाजूच्या बटणांच्या फटीत. तिथे सुकला की आवाज बसतो, बटण रुततं, आणि अशा बिघाडाला वॉरंटी मिळेलच असं नाही.

मी तुमच्या जागी असतो तर हायड्रोजेल किंवा टीपीयूची (दोन्ही मऊ, लवचिक प्लॅस्टिकसारखी) फिल्म लावली असती. दुकानातल्या कटिंग मशीनवर तुमचं मॉडेल निवडून ती कापून देतात, वळणावर नीट बसते, बारीक ओरखडे आपोआप भरूनही निघतात. काचेसारखी गुळगुळीत लागत नाही, हे खरं. यूव्हीच हवी असेल तर फोन बंद करून, जाळी आणि बटणांवर टेप लावून, तुमच्या डोळ्यांसमोर लावून घ्या.

कडा गोल आहेत की सपाट अशी शंका असेल तर स्क्रीनवर आडवी फूटपट्टी ठेवा. टोकाला उजेडाची फट दिसली तर कडा वळलेली आहे. हल्ली अनेक मोठे फोन पुन्हा सपाट झालेत. सॅमसंगचा २०२४चा एस२४ अल्ट्रा त्यातलाच.

प्रश्न : ग्लास लावल्यापासून स्क्रीनमधला फिंगरप्रिंट चालेना. ग्लास खराब की फोन? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

बहुधा दोन्ही ठीक आहेत. जुने ठसे काढून टाका आणि ग्लास लावलेल्या अवस्थेत नव्याने नोंदवा. सेटिंगमध्ये टच सेन्सिटिव्हिटी असेल तर तीही चालू करा.

तरी जमेना, तर सेन्सर कोणता ते पाहा. बोट ठेवल्यावर स्क्रीन तिथे लख्ख उजळत असेल तर तो प्रकाशावर चालणारा. त्याला बहुतेक पारदर्शक ग्लास चालतात. सॅमसंगच्या अनेक महागड्या फोनमध्ये ध्वनिलहरींवर चालणारा सेन्सर असतो. ग्लास आणि स्क्रीनमध्ये हवेची फट राहिली की त्या लहरी तिथेच अडतात. म्हणून फक्त कडांना गोंद असलेली ग्लास अशा फोनला नको. पूर्ण गोंदाची, त्याच मॉडेलसाठी बनवलेली घ्या.

ठसा मात्र स्क्रीनही झाकणाऱ्या कसल्याही सिलिकॉन कव्हरवरून नोंदवू नका. ऑक्टोबर २०१९मध्ये गॅलॅक्सी एस१०चा घोळ गाजला होता : काही सिलिकॉन कव्हरांची आतली नक्षीच फोन ठसा समजून बसला आणि कुणाच्याही बोटाने उघडू लागला. सॅमसंगला तातडीने अपडेट काढावं लागलं.

प्रश्न : रोज लोकलने जाते. प्रायव्हसी ग्लास घ्यावी का? – एक वाचक, डोंबिवली

बाजूच्या सीटवरचे डोळे थांबतील. डोक्यावर उभी असलेली बाई मात्र जवळपास तुमच्याच कोनातून बघते, तिला सगळं वाचता येतं. शिवाय या ग्लासमधल्या सूक्ष्म उभ्या पट्ट्या उजेड खातात. ब्राइटनेस वाढवावा लागतो आणि बॅटरी लवकर उतरते. बँकेची कामं गाडीत करत असाल तर घ्या, नाहीतर नको.

प्रश्न : फोन पडला, ग्लास फुटली, स्क्रीन वाचली. म्हणजे ग्लासनेच वाचवलं ना? – एक वाचक, सांगली

कदाचित. ही ग्लास साधारण ०.३ मिलिमीटरची; स्क्रीन फुटायला लागतो त्याहून फार कमी धक्क्याने ती फुटते. ती फुटली म्हणून स्क्रीनही फुटली असती, असं धरून चालू नका. मोठे फोन वजनदार असतात आणि कोपऱ्यावर आपटले की जास्त नुकसान होतं. तिथे उंच कडांचं कव्हर जास्त कामाला येतं. फक्त कव्हर आणि ग्लास एकदम घ्या. कव्हरची कड घट्ट असली की ती ग्लास उचलते, आणि दोष मात्र गोंदाला लागतो.

प्रश्न : घडीच्या फोनवर आतून आलेली प्लॅस्टिकची फिल्म काढून चांगली ग्लास लावता येईल का? – एक वाचक, पुणे

अजिबात नको. ती फिल्म कंपनीने स्क्रीनचं रक्षण करायलाच लावलेली असते आणि ताठ काच घडी घालताना मोडेल. २०१९मध्ये पहिला गॅलॅक्सी फोल्ड तपासायला मिळालेल्या काही पत्रकारांनी ती साधं पॅकिंग समजून सोलली आणि स्क्रीन बंद पडल्या. तुमची कडेने सुटत असेल तर सर्व्हिस सेंटरमध्येच बदलून घ्या.