समझोता झाला म्हणून रद्द झालेले पेटंट परत मिळते का?

प्रश्न : केळीच्या खोडापासून धागा काढणाऱ्या माझ्या यंत्राला मुंबई कार्यालयातून पेटंट मिळाले होते. आमच्याच तालुक्यातील एका कारखानदाराने वर्षाच्या आत त्याला विरोध केला आणि असेच यंत्र माझ्या अर्जापूर्वी एका कृषी प्रदर्शनात चालवून दाखवले होते, असे सांगून फोटो व वर्कशॉपचे बिल दाखल केले. कंट्रोलरने (पेटंट कार्यालयातील निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याने) पेटंट रद्द केले. पुढे नातेवाइकांनी मध्यस्थी करून आमचे मिटवले. ते आता दर यंत्रामागे रॉयल्टी द्यायला आणि विरोध मागे घेतल्याचे स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायला तयार आहेत. तरीही अपील करावे लागेल का?
– एक वाचक, रावेर

उत्तर : करावेच लागेल, आणि तेही लगेच. पेटंट हा तुम्हा दोघांमधला करार नसून साऱ्या जगाविरुद्ध मिळालेला हक्क आहे. तो रद्द झाल्याचा फायदा चोपड्यापासून कोइमतूरपर्यंतच्या प्रत्येक उत्पादकाला मिळालेला आहे आणि तो तुमच्या दोन सह्यांनी काढून घेता येत नाही.

पेटंट कायदा, 1970 च्या कलम 25(4) खालील अशा आदेशावर कलम 117ए प्रमाणे अपील होते. मुदत आदेशाच्या तारखेपासून तीन महिन्यांची आहे. ती वाढवण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, पण ‘बोलणी चालू होती’ या कारणावर मी तरी विसंबणार नाही. पूर्वी अशी अपिले ऐकणारे बौद्धिक संपदा अपीलीय मंडळ 2021 मध्ये बरखास्त झाल्यापासून अपील थेट उच्च न्यायालयात, म्हणजे तुमच्या बाबतीत मुंबईला करावे लागते.

समोरचा माणूस गप्प बसला म्हणून अपील जिंकले, असेही होत नाही. आदेश कंट्रोलरचा असल्याने तो पक्षकार राहतो, आणि फोटो व बिल दप्तरात तसेच असतात. युरोपीय पेटंट कार्यालयातही रद्द झालेल्या पेटंटच्या मालकाने अपील केल्यावर विरोधकाने माघार घेतली, तरी तिथले अपील मंडळ प्रकरण गुणवत्तेवरच तपासते. त्यामुळे खरा प्रश्न फोटोचा आहे. त्यात रोलर व पाते यांची तुमची विशिष्ट रचना दिसते का, की केवळ पत्र्याचे झाकण आणि मोटार? बिलावर तारीख आहे, पण ते त्याच यंत्राचे आहे हे कशावरून? प्रदर्शनात यंत्र खरोखर चालवले होते, की नुसते मांडले होते? या मुद्द्यांवर त्या कारखानदाराने खरी माहिती प्रतिज्ञापत्रावर दिली, तर ती दाखल करण्याची परवानगी न्यायालयाकडे मागता येईल, जरी अपिलात नवा पुरावा सहज घेतला जात नाही. नात्याखातर खोटे मात्र लिहून घेऊ नका. ते दोघांनाही महागात पडेल.

कलम 25(4) खालीच पेटंट दुरुस्तीसह कायम ठेवता येते. म्हणून पेटंटमधील दाव्यांची (यंत्राच्या कोणत्या भागांवर हक्क मागितला आहे, त्या कलमांची) व्याप्ती कमी करून, प्रदर्शनातल्या जुन्या यंत्रात नसलेल्या भागापुरते तरी पेटंट टिकावे, अशी पर्यायी विनंती अपिलात जरूर करा. माझ्या मते तुमची खरी आशा तिथेच आहे.

सही करण्यापूर्वी समझोत्याचा मसुदा वकिलांना दाखवा. ‘यापुढे कोणीही कोणतीही कार्यवाही करणार नाही’ हे वाक्य अशा कागदांत सर्रास घातले जाते आणि तेच तुमच्या अपिलाच्या आड येईल. अपील निकाली निघेपर्यंत रॉयल्टी द्यायची की नाही, आणि अपील फेटाळले तर काय, हेही त्यात लिहा. पेटंट परत मिळाले, तरी दुसरा कोणी हितसंबंधी उत्पादक कलम 64 खाली ते रद्द करून घेण्यासाठी तोच फोटो घेऊन उच्च न्यायालयात जाऊ शकतो, हे रॉयल्टीचा आकडा ठरवताना दोघांनीही ध्यानात घ्यावे.