आजी म्हणते सुंता, सासूबाई म्हणतात गलतीकर

*पत्र थोडक्यात असं:*

ताई, मी ठाण्याच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहूदी घरातली. आई लहानपणीच गेली, आईच्या आईनं वाढवलं. नगरच्या मराठी ख्रिस्ती मुलाशी रजिस्टर लग्न केलं, आता पुण्यात असतो. दोन वर्षांपूर्वी मी बाप्तिस्मा घेतला. कुणी मागे लागलं नव्हतं, येशूवर माझा मनापासून विश्वास आहे. आजीला हे माहीत नाही. आता सातवा महिना चालू आहे. आजीचं म्हणणं, मुलगा झाला तर आठव्या दिवशी ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये सुंता व्हायलाच हवी. सासूबाई बायबलमधलं गलतीकरांस पत्र उघडून बसतात: ख्रिस्तात यहूदी नाही, हेल्लेणी (ग्रीक) नाही, आणि सुंता करून घ्याल तर ख्रिस्ताचा तुम्हाला काही उपयोग नाही. नवरा म्हणतो, तुम्ही दोघी ठरवा. मंडळीतला एक भाऊ जेरुसलेमच्या टूरहून शोफार (फुंकायचं शिंग) आणि तालीथ (प्रार्थनेची शाल) घेऊन आलाय. तो मला 'ओरिजिनल' म्हणतो आणि सगळ्यांनी शब्बाथ पाळावा म्हणून मागे लागलाय. मावसबहीण इस्रायलमधल्या अश्दोदहून कळवते की तू आता आपल्यातली राहिली नाहीस. मी शुक्रवारी दिवा लावते, पण सासूबाई आलेल्या असल्या की लावत नाही. मी नक्की कोण? आणि सुंतेचं काय करू?
– ए., पुणे

प्रिय ए.,

मुलगा होणार की मुलगी हे अजून कुणालाच माहीत नाही, तरी दोन शहरांत सुंतेवरून भांडण पेटलंय. म्हणजे घर अगदी मराठी आहे, काळजी नको.

आधी सासूबाईंचं पाहू. मीही नगर जिल्ह्यातल्याच मंडळीत वाढले, त्यामुळे त्यांचा सूर मला पाठ आहे. 'यहूदी नाही, हेल्लेणी नाही' हे प्रेषित पौलानं त्या पत्रात लिहिलंय, खरं आहे. पण त्याच ओळीत पुढे पुरुष नाही, स्त्री नाही असंही आहे. तरी आपल्या मंडळ्यांत महिला मंडळ वेगळं भरतं आणि जमाखर्चाच्या बैठकीला चहा कोण करतं ते सासूबाईंना विचार. त्या ओळीचा अर्थ देवापुढे कुणाचा मान कमी नाही असा आहे. माणसांमधले फरक पुसले गेले असं त्यात म्हटलेलं नाही.

गलतीकरांचं पत्र कुणाला लिहिलं तेही पाहायला हवं. गलतियातले ते लोक जन्मानं यहूदी नव्हते. सुंता करून मोशेचं नियमशास्त्र पाळल्याशिवाय तुमचं तारण पुरं होत नाही, असं त्यांना कुणीतरी पटवत होतं, आणि पौल खवळला तो त्यावर. हाच वाद यरुशलेमच्या सभेपुढे गेला, साधारण इ. स. ४९ च्या सुमारास. प्रेषितांच्या कृत्यांचा पंधरावा अध्याय काढ. परराष्ट्रीयांवर, म्हणजे यहूदी नसलेल्यांवर, सुंतेचं जू घालायचं नाही असं ठरलं. मूर्तींना वाहिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेलं आणि जारकर्म एवढं टाळा, असं पत्र अंत्युखियाला गेलं. आता त्या सभेत कोण बसलं होतं बघ: पेत्र, याकोब, पौल, बर्णबा, सगळे यहूदी. आपण स्वतः यहूदी राहायचं की नाही, हा प्रश्न त्यांच्यातल्या एकानंही काढला नाही. तो प्रश्नच नव्हता.

पुढे एकविसाव्या अध्यायात तर सासूबाईंचं म्हणणं जवळजवळ शब्दशः आलंय, फक्त अफवा म्हणून. पौल यरुशलेमला येतो तेव्हा याकोब त्याला सांगतो की इथे हजारो यहूदी विश्वास ठेवणारे आहेत, नियमशास्त्राबद्दल कट्टर आहेत, आणि त्यांच्या कानावर आलंय की तू बाहेरच्या यहूद्यांना मुलांची सुंता करू नका असं शिकवतोस. पौल काय करतो? नवस केलेल्या चार माणसांबरोबर शुद्ध होऊन मंदिरात जातो आणि त्यांचा खर्चही स्वतः उचलतो, ती अफवा खोटी आहे हे दाखवायला. ख्रिस्ती वक्त्यांना हा अध्याय फारसा आवडत नाही असं माझं निरीक्षण आहे.

आणि तुझ्यासारखंच घर हवं असेल तर पौलाचा सोबती तीमथ्य, त्याचं बघ. बाप हेल्लेणी, आई यहूदी आणि विश्वास ठेवणारी. दुसऱ्या एका पत्रात तिचं नाव येतं, युनीके, आणि तिच्याबरोबर आजीचंही, लोईस. आईच्या नावाला जोडून आजीचं नाव यावं इतकी ती आजी त्या घरात महत्त्वाची होती. या तीमथ्याची सुंता पौलानं स्वतः केली. तीत नावाचा दुसरा सोबती हेल्लेणी होता, त्याची मात्र होऊ दिली नाही. तीमथ्याची केली ती त्या भागातल्या यहूद्यांमुळे, असं कृत्यांत स्पष्ट म्हटलंय. तेव्हा यातून तुझ्या बाळाची सुंता केलीच पाहिजे असा हुकूम निघत नाही. पण केली तर ख्रिस्त हातचा गेला, हेही निघत नाही. एवढं सासूबाईंना शांतपणे वाचून दाखव. आवाज चढवू नकोस, अध्याय तुझ्या बाजूचा आहे.

शोफारवाल्या भावावर मी फार शाई घालवणार नाही. ज्यानं त्यानं पाचारण झालं तेव्हा जसा होता तसंच राहावं, हे पौलानं करिंथकरांना लिहिताना दोन्ही बाजूंनी लिहिलंय: सुंता झालेल्यानं ती लपवू नये, न झालेल्यानं करून घेऊ नये. रोमकरांच्या अकराव्या अध्यायातही रानटी जैतुनाच्या फांदीला, म्हणजे परराष्ट्रीयांना, बजावलंय की मूळ तुला उचलून धरतं, तू मुळाला नाही. त्या भावाला शब्बाथ पाळावासा वाटतो तर खुशाल पाळू दे, पण दुसऱ्यावर लादायचा अधिकार त्याला नाही. तुला 'ओरिजिनल' म्हणत त्यानं सगळ्यांपुढे उभं केलं की 'भाऊ, मी प्रदर्शनात ठेवायची वस्तू नाही' असं सांगायला लाजू नकोस. त्याला तुझ्या आजीच्या घरातल्या शुक्रवारचं काही ठाऊक नाही. आठवडाभराच्या कामातून हात धुऊन आलेली बाई, दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला (शास्त्रवचनाच्या डबीला) बोट लावून ओठांना नेणं, मनुकांच्या रसावर म्हटलेला किद्दुश, म्हणजे शब्बाथचा आशीर्वाद, मांसाबरोबर दूध नको म्हणून नारळाच्या दुधात शिजवलेला रस्सा. यातलं काहीही टूरच्या पिशवीतून येत नाही.

आता तू कोण. इथे तीन दारं आहेत आणि तू तिन्हींवर एकाच वेळी टकटक करते आहेस, म्हणून गोंधळ.

मंडळीच्या दारात उत्तर वर आलंच: येशूवर विश्वास ठेवणारी यहूदी बाई. पहिली मंडळी तशाच माणसांची होती.

इस्रायल सरकारचं दार वेगळं. मावसबहीण त्यातलं बोलते आहे, आणि त्यापुरती ती चुकीची नाही. ओस्वाल्ड रुफायसेन हा पोलंडमधला यहूदी. नाझींच्या काळात त्यानं मीर गावच्या घेट्टोत कोंडलेल्या कितीतरी यहूद्यांना पळून जायला मदत केली. पुढे तो कॅथलिक झाला, मठात गेला, ब्रदर डॅनियल म्हणून हैफाला आला. यहूद्यांना इस्रायलमध्ये येऊन राहायचा हक्क देणाऱ्या परतीच्या कायद्याखाली यहूदी म्हणून नागरिकत्व द्या, असा अर्ज त्यानं केला. १९६२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं नाही म्हटलं. नंतर त्याला नागरिकत्व मिळालं ते साध्या, कुठल्याही परक्याला असतो त्या मार्गानं. १९७० साली कायद्यातच व्याख्या घातली गेली: यहूदी आईच्या पोटी जन्मलेला किंवा धर्मांतर करून आलेला, आणि दुसऱ्या धर्माचा नसलेला. १९८९ साली येशूला मसीहा मानणाऱ्या एका यहूदी जोडप्यालाही न्यायालयानं याच कारणानं नाही म्हटलं. गंमत अशी की रब्बींच्या धर्मशास्त्रात यहूदी आईच्या पोटी जन्मलेला माणूस कितीही भरकटला तरी यहूदीच धरतात. म्हणजे शास्त्र सोडत नाही आणि सरकार घेत नाही. तुला अश्दोदला राहायला जायचं नसेल तर या दारापाशी ताटकळू नकोस. बेने इस्राएलांना तर लग्नासाठी तिथले रब्बी आपल्याला पुरते यहूदी धरतात की नाही यावरूनच साठच्या दशकात तिथे निदर्शनं करावी लागली होती. १९६४ साली तो प्रश्न सुटला. ही आठवण मावसबहिणीला करून दिलीस तरी चालेल, टोमणा वाटणार नाही अशा बेतानं.

तिसरं दार आजीचं. खरी गाठ इथे आहे.

एवढ्या लांब पत्रात 'आजीला हे माहीत नाही' हे तू एका ओळीत उरकलंस आणि पुढे सरकलीस. बाळाचं, सिनेगॉगचं, आठव्या दिवसाचं आजी जे काही बोलते आहे, ते नात आपल्यातच आहे असं धरून बोलते आहे. तिला कळलं तर कदाचित ती अधिकच हट्ट धरेल, कदाचित त्या दिवशी येणारही नाही. पण ठरवायचं तर तिला खरं माहीत असून ठरवू दे. मोहेलला (सुंता करणाऱ्याला), सिनेगॉगच्या लोकांनाही न सांगता बाळ तिथे नेऊन एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, खुर्चीवर ठेवायचं, हे मला अजिबात पटत नाही. त्यांनी हो म्हटलं तर उत्तम. नाही म्हटलं तर तो त्यांचा हक्क आहे. आणि उद्या बाहेरून कळलं तर मान खाली आजीची जाईल, तुझी नाही.

तिला बाप्तिस्म्याचं इतकं का लागेल, हे सासरच्यांना समजावून सांगावं लागेल. आपल्या ख्रिस्ती लोकांना वाटतं, मिशनऱ्यांनी तर बेने इस्राएलांचं भलंच केलं. ते खोटं नाही. जॉन विल्सननं १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं, मिशनच्या शाळांतून कोकणातल्या शनवार तेल्यांची (बेने इस्राएलांचं तिथलं जुनं नाव) मुलं आपलंच शास्त्र वाचायला शिकली, आणि धर्म मात्र बहुतेकांनी सोडला नाही. पण याच किनाऱ्यावर थोडं खाली गोवा आहे. तिथे १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, आलं ते बाप्तिस्मा घेतलेल्या यहूद्यांवर डोळा ठेवून. औषधी वनस्पतींवर गोव्यात १५६३ साली ग्रंथ छापणारा वैद्य गार्सिया दा ओर्ता मरेपर्यंत सुटला. त्याच्या बहिणीला, कातारिनाला, १५६९ साली जिवंत जाळलं, आणि १५८० साली त्याची हाडं उकरून तीही जाळली. अशा खटल्यांत पुरावे काय असायचे? डुकराचं मांस न खाणं, शनिवारी धुतलेले कपडे घालणं, आणि शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावणं. तुझ्या आजीला यातलं नाव-गाव माहीत नसेल. पण बाप्तिस्मा झाला की दिवा विझतो, हे यहूदी घरांत पिढ्यान्‌पिढ्या कळत आलंय, आणि ते उगीच नाही.

म्हणून सासूबाई आल्या की तू दिवा लावत नाहीस, हे वाचून मला वाईट वाटलं. अंत्युखियात पेत्राचंही असंच झालं होतं. परराष्ट्रीयांबरोबर एका पंगतीला जेवायचा, पण याकोबाकडची माणसं आली की उठून बाजूला व्हायचा. पौलानं त्याला चारचौघांत सुनावलं. मी तुला सुनावत नाही, फक्त पुढच्या शुक्रवारी त्या असतील तरी दिवा लाव. त्यांनी विचारलं तर सांग, शब्बाथचा आहे, आजीनं शिकवलाय, आणि येशूच्या घरातही हा दिवस पाळला जायचा. मलिदा कधी केलास तर पोह्यांचं ताट त्यांच्याही पुढे ठेव. खोबरं, साखर, वेलची घातलेल्या पोह्यांना नगरचा माणूस नाही म्हणेल असं मला वाटत नाही.

आता क्रम. आधी नवरा. 'तुम्ही दोघी ठरवा' म्हणणाऱ्याचं बाळ आहे ते, दोघींचं नाही. त्याच्या आईला उत्तर त्यानं द्यायचं. तुम्हा दोघांचं एकमत होईपर्यंत तिसऱ्या कुणाशी सुंतेवर बोलायचं नाही. एकमत 'नको' असं झालं तर तेही तुमचं, त्यानं तू कमी यहूदी होत नाहीस. फक्त सासूबाईंच्या धाकानं 'नको' आणि आजीच्या भीतीनं 'हो' म्हणू नका. मग आजी. शुक्रवार-शनिवार सोडून एखाद्या साध्या दिवशी जा, फोनवर सांगू नकोस, नवऱ्याला खाली थांबव. बाप्तिस्मा घेतलाय एवढं सांग आणि गप्प बस. वचनं काढू नकोस, तीमथ्य तर मुळीच नको. ती रडेल, ओरडेल, आजोबांचं नाव काढेल. सगळं ऐकून घे. 'मी तुझीच आहे' हे ती विचारेल तेव्हाच म्हण. ती बोलायची बंद झाली तर दर आठवड्याला फोन कर. तिनं उचलला नाही तरी कर.

सिनेगॉगला त्यानंतर विचार, तिची परवानगी घेऊन. डॉक्टरांनाही आताच विचारून ठेव. आठव्या दिवशी बाळाला कावीळ असेल किंवा वजन कमी असेल तर सुंता पुढे ढकलायची, हे यहूदी शास्त्रालाही मान्य आहे, तेव्हा तारखेवरून कुणी घाई केली तर ऐकू नकोस.

मुलगी झाली तर सुंतेचं सगळं आपोआप निकालात निघेल. आजीला सांगायचं मात्र राहीलच, म्हणून ते बाळंतपणाच्या आधी उरक. आठव्या महिन्यात ठाण्याचा प्रवास नको म्हणतील, तेव्हा याच महिन्यात जा.

– तुझी,
ताई