"काढून टाकू, मग बघू" म्हणत असतील तर आधी हे वाचा

तुमची पोस्ट वाचली. आई ५८ वर्षांच्या, डाव्या स्तनात न दुखणारी गाठ, गावातले सर्जन म्हणतात "लहानशीच आहे, शनिवारी काढून टाकू, मग बघू", आणि मामांचं म्हणणं की सुई लावली की कॅन्सर पसरतो. आमच्या थोरल्या वहिनींच्या वेळी घरात अगदी हीच बोलणी झाली होती, फक्त मामांच्या जागी चुलतसासरे होते. म्हणून लांबलचक लिहितेय. मी डॉक्टर नाही, घरात एक आजारपण काढलेली बाई आहे, तेव्हा त्या हिशेबानेच वाचा.

सोनोग्राफी, मॅमोग्राफी सांगितलीच असेल, त्यावर लिहीत नाही. माझं म्हणणं एवढंच, की बायोप्सीआधी त्या गाठीला ब्लेड लागू देऊ नका. बायोप्सी म्हणजे कोअर बायोप्सी, जाड सुईने तुकडा घेतात ती. बारीक सुईच्या एफएनएसीत नुसत्या पेशी येतात. तुकडा हातात असला की ईआर, पीआर, हर-टू (कॅन्सरच्या पेशींवर हार्मोन पकडणाऱ्या जागा आणि हर-टू नावाचं प्रथिन आहे का, हे बघणाऱ्या) तपासण्या त्यावरच होतात आणि पुढची औषधं त्यावर ठरतात. सुईने पसरतो ही भीती मामांनी सोडून द्यावी. कॅन्सर हॉस्पिटलात सुरुवातच त्या सुईने होते. उलट गाठ आधी काढली आणि नंतर कॅन्सर निघाला, तर किमो आधी की ऑपरेशन आधी हे ठरवायची संधीच जाते. कडेला पेशी राहिल्या असतील तर पुन्हा ऑपरेशन.

वहिनींचं तेच झालं. पण खरा मनस्ताप दिला तो लॅबने. नाव लिहीत नाही. परळला टाटामध्ये पहिल्यांदा गेलो तर त्यांनी सांगितलं, "ब्लॉक आणि स्लाइड आणा, आम्ही परत तपासू." ब्लॉक म्हणजे गाठीचा तुकडा मेणात बसवून ठेवलेला असतो, छोट्या प्लास्टिकच्या चौकटीत, कडेला नंबर घातलेला. स्लाइड म्हणजे त्याचाच पातळ काप लावलेली काचपट्टी. लॅबच्या काउंटरवर आधी उत्तर मिळालं, "रिपोर्ट दिलाय ना, ब्लॉक कशाला?" मग "पेशंटला घेऊन या." टाके ओले असलेल्या बाईला एसटीत बसवून आणायचं? मग "मॅडम रजेवर आहेत." टाटाच्या चिठ्ठीची झेरॉक्स जोडून लेखी अर्ज दिला आणि त्यावर पोच मागितली, तेव्हा कुठे कपाट उघडलं. त्यातही काही ब्लॉक सापडेनात! वर कळलं की गाठ फॉर्मालिनमध्ये (तुकडा टिकवायच्या द्रवात) न येता सलाइनच्या बाटलीत आली होती. तशीच बराच वेळ राहिली तर ईआर-पीआरच्या निकालावर भरवसा ठेवता येत नाही. हे सर्जनने पाहायचं, की लॅबने? दोघंही एकमेकांकडे बोट दाखवत होते.

म्हणून तुकडा कुठल्या लॅबला आणि कशात जाणार, हे आधीच विचारा. आगाऊ वाटलं तर वाटू दे. ब्लॉक मिळाले की सही करून घ्या, नंबर रिपोर्टशी ताडून बघा, आणि उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते.

पैशांचं: महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून करायचं असेल तर हॉस्पिटल योजनेत आहे का बघा आणि ॲडमिशनआधी तिथल्या आरोग्यमित्रांना, म्हणजे योजनेच्या मदतनीसांना, भेटा. मंजुरी आधी लागते. खिशातून भरून मग परत मागू, असं तिथे धरून चालू नका.

शेवटी तुम्ही विचारलंय, "मी ३४ची, मीही मॅमोग्राफी करू का?" ते आईंचा रिपोर्ट आल्यावर त्याच डॉक्टरांना विचारा; नात्यात कॅन्सर निघाला तर सल्ला बदलतो. पण गर्भाशयमुखाची एचपीव्ही तपासणी (तिथला कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो, तो आहे का हे बघणारी) तुम्ही तशीही करायला हवी, तिशीनंतर ती सांगतातच. आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, १ लाख ३० हजारांवर बायकांचा अभ्यास झाला होता, २००९ मध्ये छापून आला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले होते. आपल्याकडे मात्र "मला काही त्रास नाही" म्हणून बायका ती टाळतात, आणि सुरुवातीला त्रास नसतोच, हे कुणी सांगत नाही. पाच मिनिटांचं काम आहे, फारसं दुखत नाही. पाळीच्या दिवसांत मात्र जाऊ नका, परत पाठवतात.