गळ घेण्याआधी परवानगी

भाऊ, जळगावकडच्या धरणांवर हौसेने मासेमारी सुरू करायची, मरळ (शिकारी मासा) धरायची म्हणता, पण रॉड-रीळचा खर्च जरा थांबवा. गिरणा, हतनूर, वाघूर अशा धरणांतली मासेमारी सहसा ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे जाते. म्हणून आधी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात एवढंच विचारा: या पाण्याचा ठेका सध्या कोणाकडे, आणि हौशी माणसाला परवानगी कोण देतं? मग लेखी घ्या. काठावर कोणी "टाका हो गळ" म्हणालं, तर त्यावर विसंबू नका. राखणदार बदलला की तो शब्द गेला.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- एका धरणाच्या परवानगीची पावती दुसऱ्या धरणावर दाखवतात.
- यावल अभयारण्यात गळ टाकतात. तिथे वन्यजीव कायदा आहे, पावती चालत नाही.
- ऐन पावसाळ्यात जातात, रोहू-कटला अंडी घालतात तेव्हाच.

मरळीचं नंतर बघू. सध्या बांबूची काठी आणि कणकेची गोळी पुरे.